अमिरातीत पोलिसांकडे तक्रार : केव्हा, कुठे आणि कशी

संयुक्त अरब अमिरातीत एकच पोलिस दल नाही. अबू धाबी, दुबई, शारजा, अजमान, उम्म अल कुवैन, रास अल खैमा आणि फुजैरा या सातही अमिरातींचे पोलिस वेगळे आहेत. कायदे मात्र बहुतांशी सगळीकडे सारखेच, म्हणजे संघराज्याचे आहेत. गुन्हे आणि शिक्षांविषयीचा सध्याचा कायदा 2021 चा (क्रमांक 31) असून तो 2 जानेवारी 2022 पासून लागू आहे. फौजदारी प्रक्रियेचा कायदा 2022 चा (क्रमांक 38) असून तो 1 मार्च 2023 पासून अमलात आला. त्याआधी दहा-पंधरा वर्षे इथे काढलेल्या मंडळींचा सल्ला म्हणूनच अनेकदा जुन्या कायद्यावर बेतलेला असतो. चेक परत आला की थेट तुरुंग, हा त्यातलाच एक समज.

मराठी कुटुंबांकडून वारंवार येणारे प्रश्न साधारण ठरलेले आहेत. राहायला शारजात, पाकीट मारले गेले दुबईत, तर ठाणे कोणते? तीन महिने पगार नाही, मग पोलिसांत जावे का? कुणी फोटो दाखवून पैसे मागतो आहे, पण तक्रार केली तर आपल्याच अंगाशी येईल का? या प्रश्नांची उत्तरे पुढे क्रमाने दिली आहेत.

आधी ठरवा : प्रकरण पोलिसांचे आहे का?

निम्मा गोंधळ इथेच होतो. ठाण्यात गेल्यावर "हे आमच्याकडे नाही" असे ऐकून लोक परततात आणि मग कुठेच जात नाहीत. म्हणून ही विभागणी लक्षात ठेवावी.

*पोलिसांकडे न्यायच्या गोष्टी :*

- चोरी, घरफोडी, मारहाण, धमकी, विनयभंग, लैंगिक अत्याचार
- ऑनलाइन फसवणूक, ब्लॅकमेल, खाते हॅक होणे, बदनामी, शिवीगाळ
- विश्वासघात, म्हणजे सांभाळायला दिलेला पैसा किंवा वस्तू हडप करणे
- रस्त्यावरचा अपघात, मग तो किरकोळ का असेना
- पासपोर्ट हरवणे
- मूल किंवा घरातील व्यक्ती बेपत्ता होणे. घरात कुणाचा मृत्यू होणे

*दुसऱ्या दारी न्यायच्या गोष्टी :*

- थकलेला पगार, ग्रॅच्युइटी, रजेचे पैसे : मनुष्यबळ आणि अमिरातीकरण मंत्रालय, म्हणजे मोहरे.
- घरभाडे, डिपॉझिट, घर खाली करण्याची नोटीस : त्या त्या अमिरातीची भाडेतंटा यंत्रणा. दुबईत 2013 पासून त्यासाठी स्वतंत्र रेंटल डिस्प्यूट्स सेंटर आहे.
- दुकानदाराने सदोष माल दिला, पैसे परत करत नाही : ग्राहक संरक्षण विभाग. दुबईत त्याचा क्रमांक 600545555.
- उसने दिलेले पैसे परत मिळत नाहीत : दिवाणी न्यायालय. सुरुवातीपासूनच फसवण्याचा हेतू होता असे दाखवता येत असेल तरच हा गुन्हा ठरू शकतो. बुडालेली भिशी बहुतेकदा याच प्रकारात जाते.
- न वटलेला चेक : जानेवारी 2022 पासून, खात्यात पैसे नाहीत एवढ्यावरून फौजदारी खटला होत नाही. खात्यात जेवढी रक्कम असेल तेवढी बँकेने द्यायची असते, आणि उरलेल्या रकमेसाठी चेक घेऊन थेट अंमलबजावणी न्यायालयात जाता येते. मात्र चेक दिल्यावर खाते बंद करणे, पैसे देऊ नका असे बँकेला विनाकारण सांगणे, चेक वटू नये म्हणून आधीच रक्कम काढून घेणे किंवा मुद्दाम चुकीची सही करणे हे आजही गुन्हे आहेत. अशा वेळी पोलिसांत जावे.

कोणता क्रमांक केव्हा फिरवावा

- 999 : पोलिस. जीव धोक्यात आहे, गुन्हा घडतो आहे, चोर अजून घरात आहे, जखमी रस्त्यात पडला आहे अशा वेळी. सातही अमिरातींत हाच क्रमांक.
- 998 : रुग्णवाहिका. 997 : अग्निशमन. 996 : तटरक्षक.
- 901 : दुबई आणि शारजात तातडी नसलेली चौकशी किंवा तक्रार.
- 8004888 : दुबई पोलिसांची अल अमीन सेवा. 8002626 : अबू धाबी पोलिसांची अमान सेवा. संशयास्पद गोष्टींची माहिती इथे गोपनीयपणे देता येते.
- 116111 : मुलांवरील अत्याचारासाठी गृह मंत्रालयाची हेल्पलाइन.
- 800111 : दुबई फाउंडेशन फॉर विमेन अँड चिल्ड्रन. घरात मारहाण होत असलेल्या स्त्रिया आणि मुलांसाठी.

999 वर बोलताना पहिले वाक्य ठिकाणाचे असावे. दुबईत जवळपास प्रत्येक इमारतीच्या दाराशी मकानी क्रमांकाची पाटी असते. तिच्यावरचे दहा अंक सांगितले की पोलिसांना नेमके प्रवेशद्वार कळते. "करामात, अमुक हॉटेलच्या मागे" असे सांगत बसण्यात मिनिटे जातात. घरातल्या लहानांसह सगळ्यांना हा क्रमांक दिसेल असा दाराच्या आतल्या बाजूला लिहून ठेवावा. ठिकाणानंतर काय घडते आहे, कुणी जखमी आहे का, हत्यार दिसते का, एवढे सांगावे आणि समोरच्याने सांगितल्याशिवाय फोन ठेवू नये.

कोणत्या ठाण्यात जायचे

नियम सोपा आहे : गुन्हा जिथे घडला तिथले पोलिस. तक्रारदार कुठे राहतो, त्याचा व्हिसा कोणत्या अमिरातीचा आहे, याने फरक पडत नाही. शारजाच्या अल नाहदात राहणाऱ्या माणसाचा फोन दुबईच्या मेट्रोत चोरीला गेला, तर तक्रार दुबई पोलिसांकडे. रस्ता ओलांडून शारजाच्या बाजूला तीच घटना घडली, तर शारजा पोलिसांकडे. दुबईत बर दुबई, नाइफ, अल मुरक्कबात, अल कुसैस, अल बर्शा, जबल अली अशी ठाणी आहेत. नेमके कोणते लागते ते 901 वर विचारून घ्यावे.

ठाण्याची पायरी चढायला संकोच वाटत असेल तर आणखी मार्ग आहेत :

- दुबई पोलिसांचे अॅप आणि संकेतस्थळ : बऱ्याच तक्रारी आणि हरवल्याचे दाखले इथेच होतात.
- स्मार्ट पोलिस स्टेशन : दुबईत 2017 मध्ये सिटी वॉकला पहिले सुरू झाले. आत कर्मचारी बसलेला नसतो. पडद्यावरून आणि व्हिडिओवरून काम चालते, चोवीस तास.
- गृह मंत्रालयाचे अॅप : इतर अमिरातींतील पोलिस सेवांसाठी.
- ई-क्राइम : सायबर गुन्ह्यांसाठी दुबई पोलिसांचा स्वतंत्र मंच.

गंभीर मारहाण, लैंगिक अत्याचार किंवा घरफोडी असेल तर अॅपवर वेळ घालवू नये. 999 किंवा थेट ठाणे हाच मार्ग.

तक्रार नोंदवण्याच्या पायऱ्या

1. सुरक्षित व्हा. मारामारी चालू असेल तर तिथून बाजूला होऊन फोन करावा.
2. जागा हलवू नका. घरफोडी झाली असेल तर कपाटे आवरू नयेत, फुटलेली काच उचलू नये. ठसे घ्यायला लोक येतात.
3. लगेच टिपून ठेवा. वेळ, ठिकाण, माणसाचे वर्णन, गाडीचा क्रमांक आणि ती कोणत्या अमिरातीची नंबरप्लेट होती ते. साक्षीदाराचे नाव व मोबाइल विचारून घ्यावा.
4. कॅमेऱ्याचे चित्रण जपायला सांगा. इमारतीच्या वॉचमनकडून किंवा दुकानदाराकडून चित्रण स्वतः मागण्यापेक्षा पोलिसांना कॅमेऱ्याची जागा दाखवावी. जुने चित्रण पुसले जाते, म्हणून उशीर नको.
5. कागद सोबत घ्या. एमिरेट्स आयडी, पासपोर्ट व व्हिसाची प्रत. पर्यटक असल्यास पासपोर्ट. त्यासोबत पावत्या, बँकेचे स्टेटमेंट, करारपत्र, फोनचा आयएमईआय क्रमांक यांपैकी जे लागू असेल ते.
6. मारहाण झाली असेल तर पोलिसांकडून वैद्यकीय तपासणीसाठी पत्र घ्या. सरकारी रुग्णालयाचा अहवाल खटल्यात महत्त्वाचा ठरतो. जखम दिसेनाशी झाल्यावर तपासणीचा फारसा उपयोग होत नाही.
7. तक्रारीचा क्रमांक घेतल्याशिवाय निघू नका. पुढची प्रत्येक चौकशी, विम्याचा दावा, वाणिज्य दूतावासातली भेट याच क्रमांकावर चालते.

जबाब देताना

तक्रारीचा जबाब अरबीत लिहिला जातो. ठाण्यात हिंदी किंवा उर्दू समजणारा कर्मचारी बऱ्याचदा भेटतो आणि बोलणे सोपे जाते. पण कागदावर उतरते ते अरबीच. जबाब संपला की खाली सही करायला सांगतात, आणि थकलेला, घाबरलेला माणूस मुकाट्याने सही करून मोकळा होतो. तसे करू नये. जबाबात काय लिहिले आहे ते भाषांतर करून वाचून दाखवायला सांगावे. रक्कम, तारीख, नावांचा क्रम आणि "मला माहीत नाही" असे जिथे सांगितले तिथे तसेच लिहिले आहे का, एवढे चार मुद्दे तरी तपासावेत. चूक असेल तर सही करण्यापूर्वी दुरुस्त करून घ्यावी.

अरबी न येणाऱ्या तक्रारदाराला, साक्षीदाराला आणि आरोपीलाही चौकशीत दुभाषा मिळावा, ही कायद्याची तरतूद आहे. शेजारी किंवा रूममेट दुभाषा म्हणून चालवून घेऊ नये. विशेषतः तो त्याच भांडणात असेल तर. लेखी पुरावा मराठीत किंवा हिंदीत असेल, उदाहरणार्थ व्हॉट्सअॅपवरचे संभाषण, तर न्यायालयात त्याचे अधिकृत अनुवादकाकडून अरबी भाषांतर लागते.

जबाबात तर्क घालू नयेत. "त्यानेच चोरले असणार" यापेक्षा "तो खोलीत एकटा होता, मी आठ वाजता आलो तेव्हा बॅग उघडी होती" हे वाक्य अधिक टिकते. खोटी तक्रार हा स्वतंत्र गुन्हा आहे. संशय हा संशय म्हणूनच सांगितला तर ती अडचण येत नाही.

मुदत : उशिराची किंमत

काही गुन्ह्यांत पीडित व्यक्तीने स्वतः तक्रार केल्याशिवाय खटला चालतच नाही. शिवीगाळ आणि बदनामी, पती-पत्नी किंवा आईवडील-मुले यांच्यातील चोरी व विश्वासघात, पोटगी न देणे हे त्यांपैकी. अशा प्रकरणात गुन्हा आणि गुन्हेगार दोन्ही कळल्यापासून तीन महिन्यांच्या आत तक्रार करावी लागते. आपापसात मिटेल म्हणून चौथ्या महिन्यापर्यंत थांबलेल्याच्या हातात मग काही उरत नाही.

बाकी गुन्ह्यांना एवढी छोटी मुदत नाही, पण पुरावा थांबत नाही. बँकेतून गेलेले पैसे काही तासांत तिसऱ्या खात्यात पोहोचतात.

एखाद्या गुन्ह्याची माहिती असूनही ती दडवणे हाही इथे गुन्हा ठरू शकतो. आरोपी पती, पत्नी किंवा जवळचा नातेवाईक असेल तर कायदा सूट देऊ शकतो. मित्राला किंवा रूममेटला ती सूट नाही. मुलांवरील अत्याचाराच्या बाबतीत 2016 च्या बालहक्क कायद्याने, म्हणजे वदीमा कायद्याने, शिक्षक, डॉक्टर व समाजसेवक यांच्यावर माहिती देण्याचे बंधन घातले आहे आणि माहिती देणाऱ्याचे नाव गोपनीय ठेवण्याची हमीही दिली आहे.

ऑनलाइन फसवणूक आणि ब्लॅकमेल

सायबर गुन्ह्यांचा कायदा 2021 चा (क्रमांक 34) आहे. ऑनलाइन धमकी देऊन पैसे उकळणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद, अडीच ते पाच लाख दिरहम दंड, किंवा दोन्ही अशी शिक्षा त्यात आहे. म्हणजे ब्लॅकमेलला बळी पडलेल्याच्या बाजूला कायदा भक्कमपणे उभा आहे. तरीही लाजेपोटी लोक पैसे देत राहतात, आणि एकदा दिले की मागणी वाढते.

पैसे गेले असतील तर क्रम असा :

1. बँकेला फोन करून कार्ड आणि खाते रोखावे, व्यवहाराला लेखी हरकत घ्यावी.
2. ई-क्राइमवर किंवा पोलिस अॅपवर तक्रार नोंदवावी.
3. मेसेज, खाते क्रमांक, लिंक, प्रोफाइलचा पत्ता यांचे स्क्रीनशॉट घ्यावेत. मूळ संभाषण पुसू नये.
4. समोरच्याला ब्लॉक करण्याआधी पुरावा जपला आहे याची खात्री करावी.

"दुबई पोलिसांतून बोलतोय, तुमचा एमिरेट्स आयडी बंद होणार, ओटीपी सांगा" असा फोन आला तर तो फसवणुकीचाच समजावा. पोलिस किंवा बँक ओटीपी विचारत नाहीत.

फसवणूक करणारा भारतातून काम करत असेल आणि पैसा भारतीय खात्यात गेला असेल, तर घरच्यांनी त्याच वेळी भारतात 1930 या सायबर हेल्पलाइनवर कळवावे. दोन्हीकडे तक्रार केल्याने काही बिघडत नाही.

रस्त्यावरचा अपघात

अमिरातीत पोलिसांच्या अहवालाशिवाय गॅरेज गाडीला हात लावत नाही आणि विमा कंपनी पैसे देत नाही. त्यामुळे साधा ओरखडा असला तरी अहवाल घ्यावा. कुणी जखमी नसेल तर आधी गाडी रस्त्याच्या कडेला घ्यावी. दुबईत पोलिसांच्या अॅपवरून किरकोळ अपघात नोंदवता येतो. अबू धाबीत साएद आणि शारजात राफिद या कंपन्यांचे लोक येऊन नोंद करतात. चूक नसलेल्याला हिरवा, चूक असलेल्याला गुलाबी किंवा लाल, आणि कुणी ठोकून गेले हे माहीतच नसेल तर पांढरा अहवाल मिळतो.

जखमी असेल तर 999 फिरवावा आणि पोलिस येईपर्यंत थांबावे. पळून जाणे हा अपघातापेक्षा मोठा गुन्हा होऊन बसतो. जखमींचे फोटो काढून ते पसरवणे हाही गुन्हा आहे. अपघातात मृत्यू झाल्यास दोषी ठरलेल्या पक्षाकडून वारसांना दिया, म्हणजे 2 लाख दिरहम भरपाई देण्याची कायद्यात तरतूद आहे. म्हणून मृतदेह भारतात नेण्याच्या धावपळीत पोलिस अहवालाची प्रत घ्यायची राहू नये.

घरातली हिंसा आणि लैंगिक अत्याचार

घरातली मारहाण हा "घरचा मामला" नाही. 2019 मध्ये त्यासाठी स्वतंत्र कायदा आला आणि 2024 मध्ये त्याची जागा अधिक कडक कायद्याने घेतली. मारणाऱ्याला जवळ येण्यास मनाई करणारा संरक्षण आदेश सरकारी अभियोग विभागाकडून, म्हणजे नियाबाकडून, मिळू शकतो. पत्नीचा व्हिसा पतीच्या नावावर असला तरी ती तक्रार करू शकते. आपला व मुलांचा पासपोर्ट, विवाहाचा दाखला आणि एमिरेट्स आयडी यांच्या प्रती विश्वासू माणसाकडे ठेवाव्यात.

लैंगिक अत्याचाराची तक्रार करायला स्त्रिया इथे घाबरत, आणि त्याला कारण होते. 2013 मध्ये दुबईत बलात्काराची तक्रार करणाऱ्या एका नॉर्वेजियन स्त्रीलाच विवाहबाह्य संबंधांच्या आरोपावरून सोळा महिन्यांची शिक्षा झाली होती. नंतर तिला माफी मिळाली. जानेवारी 2022 पासूनच्या कायद्यात प्रौढांमधील संमतीच्या विवाहबाह्य संबंधांचा खटला पती किंवा पालकाने तक्रार केली तरच उभा राहतो. विवाहित स्त्रियांनी मात्र पहिल्या जबाबाआधी शक्य असल्यास वकिलाशी किंवा वाणिज्य दूतावासाशी बोलून घ्यावे. अत्याचारानंतर तपासणी होईपर्यंत आंघोळ करू नये, कपडे धुऊ नयेत. ते कागदी पिशवीत ठेवून सोबत न्यावेत. स्त्री अधिकारी मागावी.

कामगारांसाठी : पगार, पासपोर्ट आणि कॅम्प

सोनापूर, अल कूझ किंवा मुसफ्फाच्या कॅम्पमध्ये राहणाऱ्या कामगाराला वाटते की कंपनीविरुद्ध तक्रार म्हणजे पोलिस. पगाराच्या बाबतीत तसे नाही.

- तक्रार मोहरेच्या 80084 या क्रमांकावर किंवा अॅपवर करावी. नाव कंपनीला लगेच कळेल या भीतीने थांबू नये.
- 1 जानेवारी 2024 पासून 50 हजार दिरहमपर्यंतच्या दाव्यांवर मंत्रालय स्वतः निर्णय देऊ शकते. त्यावरचे दावे न्यायालयात जातात.
- नोकरी संपल्यापासून दोन वर्षांत दावा करावा लागतो. आधी ही मुदत एक वर्ष होती. 2024 मध्ये ती वाढली.
- कामगाराचा पासपोर्ट मालकाने ठेवून घेणे बेकायदा आहे. 2021 चा कामगार कायदा तसे स्पष्ट सांगतो. "सुरक्षित राहावा म्हणून ठेवला" हे कारण चालत नाही.
- तक्रार नोंदवण्याआधी कामावर जाणे बंद करू नये. गैरहजेरी दाखवून मालक फरारीची नोंद करतो आणि मग कामगाराला स्वतःचा बचाव करत बसावे लागते.

मारहाण, कोंडून ठेवणे, जबरदस्तीने काम करवून घेणे असे काही असेल तर ते पगाराचे प्रकरण राहत नाही. तेव्हा 999. मानवी तस्करीच्या बळींसाठी 8007283 हा क्रमांक आहे.

व्हिसा संपलेल्या माणसापुढचा पेच खरा आहे. पोलिसांपुढे गेल्यावर मुदतबाह्य वास्तव्य उघड होते आणि दिवसाला 50 दिरहम दंड मोजला जातो. जिवाला धोका असेल तर तरीही 999 वर फोन करावा. धोका नसेल तर आधी वाणिज्य दूतावासाचा सल्ला घेऊन, दंड आणि तक्रार दोन्हीचा मार्ग एकदम ठरवावा.

हमखास होणाऱ्या चुका

- चोराचा फोटो व्हॉट्सअॅप ग्रुपवर किंवा फेसबुकवर टाकणे. परवानगीशिवाय कुणाचा फोटो, चित्रण किंवा संभाषण पसरवणे हा खासगीपणाचा भंग आहे. त्याला किमान सहा महिने कैद, दीड ते पाच लाख दिरहम दंड, किंवा दोन्ही अशी शिक्षा आहे. चित्रण पोलिसांना द्यावे, इतर कुणाला नाही.
- चोरून फोन रेकॉर्ड करणे. तेही याच कलमात बसू शकते. लेखी मेसेजवर बोलणे वळवणे अधिक सुरक्षित.
- रागाच्या भरात शिवी टाइप करणे. समोरच्याने पैसे बुडवले असले तरी शिवीचा मेसेज पाठवला की तक्रारदार स्वतः आरोपी होऊ शकतो.
- "पैसे दे, नाहीतर पोलिसांत जातो" अशी धमकी देणे. अशी वाक्ये लिहून पाठवू नयेत. उलट धमकीची तक्रार होऊ शकते. जायचे तर थेट जावे.
- स्वतः जाऊन माल परत आणणे, आरोपीला कोंडून ठेवणे. यात मूळ गुन्हा बाजूला राहतो.
- कोऱ्या किंवा न समजलेल्या कागदावर सही. समझोत्याच्या नावाखाली असे कागद पुढे येतात.

तक्रारीनंतर काय होते

पोलिस प्राथमिक तपास करतात आणि कागद नियाबाकडे पाठवतात. आरोपीला अटक झाली असेल तर 48 तासांत त्याला नियाबापुढे न्यावे लागते. खटला चालवायचा की नाही हे नियाबा ठरवते. पुरावा अपुरा वाटला तर प्रकरण बंद होऊ शकते. त्यावर हरकत घेता येते, म्हणून निर्णय कळताच वकिलाला दाखवावा. खटला उभा राहिला तर शिक्षा न्यायालय देते, आणि नुकसानभरपाईचा दावा तक्रारदाराला त्याच खटल्यात किंवा नंतर वेगळा करता येतो.

समझोता करायचा असेल तर फरक लक्षात घ्यावा. फक्त पीडिताच्या तक्रारीवर चालणारे खटले त्याने माघार घेतल्यावर थांबतात. बाकीच्या खटल्यांत माफीपत्राने शिक्षा सौम्य होऊ शकते, पण सरकारचा खटला आपोआप संपत नाही. म्हणून पैसे हातात येण्याआधी माफीपत्र देऊ नये.

मध्येच कायमचे भारतात परतायचे झाल्यास वकिलाच्या नावे मुखत्यारपत्र करून जावे. भारतातून ते करायचे तर प्रमाणीकरणाचे टप्पे आणि मुंबईतील अमिरातीच्या वाणिज्य दूतावासाचा शिक्का, यात आठवडे जातात.

वाणिज्य दूतावास आणि घरची माणसे

अबू धाबीतील भारतीय राजदूतावास आणि दुबईतील वाणिज्य दूतावास पोलिस तपासात हस्तक्षेप करू शकत नाहीत, जामीन देत नाहीत, आणि न्यायालयात वकील म्हणून उभे राहत नाहीत. ते जे करू शकतात ते असे :

- दुबईतील प्रवासी भारतीय सहाय्यता केंद्राचा 80046342 हा मोफत क्रमांक चोवीस तास चालू असतो. तिथे कायदेविषयक सल्ला विनाशुल्क मिळतो.
- अटकेतील भारतीय नागरिकाला दूतावासाशी संपर्काचा हक्क 1963 च्या व्हिएन्ना करारानुसार आहे. नातेवाइकांनी दूतावासाला कळवून भेटीची विनंती करावी.
- हलाखीच्या प्रकरणांत 2009 पासून चालणाऱ्या भारतीय समुदाय कल्याण निधीतून मदत होऊ शकते.
- हरवलेल्या पासपोर्टसाठी आधी पोलिसांचा दाखला, मग नव्या पासपोर्टचा अर्ज, असा क्रम आहे.

महाराष्ट्रातील कुटुंबीयांनाही काही गोष्टी तिथूनच करता येतात. परराष्ट्र मंत्रालयाच्या मदद पोर्टलवर तक्रार नोंदवून तिचा मागोवा घेता येतो. नोकरीच्या नावाखाली पैसे घेऊन व्हिजिट व्हिसावर पाठवणारा एजंट रत्नागिरी, सातारा किंवा मुंबईत बसलेला असेल, तर त्याच्याविरुद्ध गुन्हा भारतातच नोंदवावा. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कोणत्याही ठाण्यात झिरो एफआयआर नोंदवण्याची तरतूद आहे. फसवणूक करून भारतात पळालेल्या भारतीयावर, केंद्र सरकारच्या मंजुरीने, भारतातही खटला चालू शकतो. जानेवारी 2020 पासून अमिरातीच्या न्यायालयांचे दिवाणी हुकूमनामे भारतातील जिल्हा न्यायालयांतून वसूल करता येतात. समोरचा माणूस विमानाने निघून गेला म्हणून दावा सोडून देऊ नये.

वर दिलेले क्रमांक आजच घरातल्या प्रत्येकाच्या फोनमध्ये साठवून ठेवा, आणि एमिरेट्स आयडी व पासपोर्टची प्रत घराबाहेरच्या एका विश्वासू माणसाकडे द्या. गुन्हा घडल्यावर ग्रुपवर विचारत बसू नका. आधी तक्रार नोंदवा, तिचा क्रमांक घ्या, आणि सल्ला त्यानंतर मागा.